होल्डमधली हवेची गादी : विमान-रचनेच्या एका विद्यार्थी स्पर्धेचं प्रकरण

एअरबस कंपनीच्या ए-३२० विमानात प्रवाशांच्या पायाखाली सामानाचा जो कप्पा असतो, त्याची उंची १.२४ मीटर. विमानतळावर त्याला होल्ड म्हणतात. मोठा माणूस त्यात उभा राहू शकत नाही, त्यामुळे आत काम करणारा लोडर एकतर गुडघ्यांवर असतो नाहीतर कमरेत वाकलेला. बेल्ट लोडर या सरकत्या पट्ट्याच्या गाडीवरून बॅग दाराशी येते, दाराजवळचा लोडर ती आत ढकलतो, आतला ती ओढून घेतो, अंग वळवतो आणि थरावर थर रचत जातो. विमान उतरलं की हेच काम उलट्या क्रमाने. कमी भाड्याच्या कंपन्यांकडे हे सगळं अर्ध्या तासाच्या आत उरकायचं असतं, कारण तेवढ्यात विमान पुन्हा उडायला हवं.

उभ्याने, ओझं अंगाशी धरून, दोन्ही हातांनी माणसाने किती उचलावं याचा एक आकडा अमेरिकेच्या एनआयओएसएच या, कामाच्या जागच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने ठरवला आहे : २३ किलो, तेही सगळ्या गोष्टी अनुकूल असतील तर. विमान कंपन्यांची एका बॅगेची नेहमीची मर्यादाही २३ किलोच असते आणि ३२ किलोंच्या वरची एकसंध बॅग सहसा घेतच नाहीत. हे ऐकायला बरं वाटतं. पण गुडघ्यांवर बसून किंवा अडचणीच्या जागेत उचललेल्या ओझ्याला आपलं सूत्र लागू होत नाही, असं तीच संस्था स्पष्ट सांगते. म्हणजे होल्डमधल्या माणसासाठी तो आकडा जन्मालाच आलेला नाही.

२०१३ साली ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका संघाने नेमका हा कप्पा पकडला आणि एअरबसच्या जागतिक विद्यार्थी स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. संघाचं नाव होतं लेव्हार. कल्पना सुचली एअर हॉकीच्या टेबलावरून : होल्डच्या जमिनीतून हवा सोडायची आणि बॅगा त्या हवेच्या थरावर अलगद सरकवायच्या. बक्षीस ३०,००० युरोंचं. समारंभ झाला पॅरिसमध्ये, युनेस्कोच्या मुख्यालयात.

आज तुम्ही नवं ए-३२० घ्यायला गेलात तर होल्ड मोकळा ठेवता येतो किंवा त्यात कंटेनर बसवण्याची सोय घेता येते. हवेच्या गादीचा पर्याय यादीत नाही. बक्षीस मिळालेली कल्पना आणि विकत मिळणारी वस्तू यांच्यामधलं हे अंतर कशाने पडलं, तेच इथे तपासायचं आहे.

स्पर्धा कशी होती

एअरबसने ‘फ्लाय युअर आयडियाज’ ही स्पर्धा २००८ मध्ये जाहीर केली आणि पुढे ती दर दोन वर्षांनी भरवली. संघ तीन ते पाच विद्यार्थ्यांचा, आणि शाखेची अट नाही. वैमानिकीचा विद्यार्थी आणि डिझाइनचा विद्यार्थी एकाच संघात बसू शकत. पहिल्या फेरीत कल्पना मांडायची, दुसऱ्या फेरीत एअरबसच्या तज्ज्ञाचं मार्गदर्शन घेऊन तिचा प्रकल्प करायचा आणि शेवटी पाच संघांनी परीक्षकांसमोर उभं राहायचं. २०१३ च्या खेपेला ६१८ संघांनी नावं दिली. युनेस्कोचं पाठबळ मिळाल्यामुळे समारंभ तिथे झाला.

विषय सहा दिले होते : ऊर्जा, कार्यक्षमता, परवडणारी वाढ, वाढती वाहतूक, प्रवाशांचा अनुभव आणि विमानतळाभोवतीच्या लोकांना होणारा त्रास कमी करणं. विमानाचा पंख, शेपूट, इंजिन असे भाग पाडून विषय दिलेले नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. विषय भागांवर पाडले असते तर सामानाच्या कप्प्याकडे कोणी फिरकलं असतं का? आपल्याकडच्या बऱ्याच प्रकल्प स्पर्धांत ‘सदर विषय मेकॅनिकल शाखेसाठी’ अशी पाटी आधी लागते आणि मग कल्पना त्या पाटीच्या मापाची निघते.

अंतिम फेरीतले बाकीचे संघ पाहिले की लेव्हारची निवड किती वेगळी होती ते कळतं. ऑस्ट्रेलियाच्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संघाने द्रवरूप जैव-मिथेनवर विमान चालवण्याची योजना मांडली आणि दुसरा क्रमांक, १५,००० युरो मिळवले. चांगली योजना, पण मिथेन द्रवरूप ठेवायला उणे १६२ अंश सेल्सियसच्या आसपासची टाकी लागते, म्हणजे नवं विमान, नवी इंधन-वाहिनी आणि जगभरच्या विमानतळांवर नवे साठे. तमिळनाडूच्या एसआरएम विद्यापीठाचा संघही शेवटच्या पाचांत होता. त्यांनी आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूचा उपयोग करून इंजिनाचा आवाज कमी करण्याचा विचार मांडला होता. तापमान बदललं की हा धातू आकार बदलतो, त्यामुळे उड्डाणाच्या वेळी इंजिनामागच्या झोताला एक वळण आणि उंचीवर गेल्यावर दुसरं देता येतं. बोईंगने याच जातीची करवतीच्या दात्यांसारखी कड २००५ मध्ये ७७७ विमानावर उडवून पाहिली होती, त्यामुळे दिशा भक्कम होती, नवेपणा थोडा कमी. मलेशियातून आलेली एक कल्पना प्रवाशांच्या अंगातली उष्णता आसनातून गोळा करून वीज करायची होती. बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते खरी, पण अंग आणि आसन यांच्या तापमानात काही अंशांचाच फरक असतो, आणि तेवढ्या फरकातून वीज म्हणून हाती येतं ते फारच थोडं.

या तिन्ही ठिकाणी विचार इंधन, इंजिन किंवा वीज यांचा. लेव्हारने विचार केला तो विमान जमिनीवर उभं असताना त्यात शिरणाऱ्या माणसाचा. आणि ज्या साओ पाउलो राज्यातून हा संघ आला, त्याच राज्यातल्या साओ जोसे दोस काम्पोसमध्ये एम्ब्राएर या ब्राझीलच्याच कंपनीची विमानं तयार होतात. विमानकारखाना शेजारी असूनही त्यांनी पंखाला हात घातला नाही.

हवा बॅग उचलते का?

उचलते, आणि आश्चर्य वाटेल इतक्या सहज. २३ किलोच्या बॅगेचं वजन म्हणजे सुमारे २२५ न्यूटन. आडवी ठेवलेली मोठी सूटकेस ७५ बाय ५० सेंटिमीटर धरू. तळ झाला ०.३७५ चौरस मीटर. दाब लागला ६०० पास्कल, म्हणजे सहा सेंटिमीटर पाण्याच्या थराइतका, वातावरणाच्या दाबाच्या एका टक्क्याहूनही कमी. त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर नको, बरासा ब्लोअर पुरे. तीन बॅगा एकावर एक ठेवल्या तरी १,८०० पास्कलच.

उलट बाजूला घर्षण. घर्षणांक ०.४ धरला तर तीच बॅग धातूच्या जमिनीवरून ओढायला ९० न्यूटन, म्हणजे नऊ किलो उचलण्याइतकी ताकद लागते. गुडघ्यांवर बसून, हात लांब करून, दर मिनिटाला अनेकदा. हवेच्या थरावर ही ताकद बोटाने ढकलण्याइतकी होते. कॅरमवर पावडर टाकल्यावर सोंगटी कशी पळते हे ज्याला माहीत आहे त्याला यापुढे समजावायला नको.

पण कॅरमची सोंगटी चपटी असते, एअर हॉकीची चकतीही चपटी असते. बॅग चपटी नसते. तिला चार चाकं असतात, कडेला प्लास्टिकचे ठोकळे असतात, मऊ बॅगेचा तळ मध्ये झोळीसारखा लोंबतो. चाकांमुळे तळ जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर वर राहिला की हवा तिथेच निसटते आणि दाब धरतच नाही. मुंबईहून आखाताकडे जाणाऱ्या विमानाचं सामान डोळ्यांसमोर आणा : सुतळीने आवळलेली खोकी, चेन तुटू नये म्हणून पट्टा गुंडाळलेल्या रेक्झिनच्या बॅगा, मोसमात हापूसच्या पेट्या. खोकी आणि पेट्या हवेवर छान तरंगतील. बॅगांचं अवघड आहे. त्यांच्याखाली चपटा तक्ता किंवा चटई द्यावी लागेल, आणि मग प्रश्न येतो की तो तक्ता परत दाराशी कोण आणणार.

दुसरी अडचण गळतीची. ज्या छिद्रांवर सामान नाही तिथून हवा फुकट जाणार. अख्ख्या होल्डभर छिद्रं ठेवली तर ब्लोअर मोठा होत जातो. वजन पडल्यावरच उघडणारी झडप प्रत्येक छिद्राला लावता येते, पण मग शेकडो झडपा झाल्या, आणि होल्डच्या जमिनीवर रोज काय पडतं ते पाहिलं तर धडकी भरेल : धूळ, तुटलेली चाकं, टॅगचे चिकट तुकडे, लोणच्याच्या फुटलेल्या बरणीचं तेल.

तिसरी अडचण मला सगळ्यांत रंजक वाटते, कारण ती कल्पनेच्या यशातूनच येते. विमान उभं करण्याच्या जागेचा उतार १ टक्क्यापेक्षा जास्त नसावा, असं आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेचं मानक सांगतं. घर्षण असताना १ टक्का उतार कोणाच्या लक्षातही येत नाही. घर्षण काढून टाकलं की बॅग त्या उताराने स्वतःहून निघते. पाच मीटर गेली की तिचा वेग सेकंदाला जवळजवळ एक मीटर होतो. २० किलोची बॅग असेल तर लोडर पायाने अडवेल. दहा बॅगांची रचलेली रास असेल तर २०० किलो वजन त्याच वेगाने गुडघ्यांवर बसलेल्या माणसाकडे येईल. शिवाय सामान चढताना-उतरताना विमानाचं नाक आणि शेपूट थोडं वर-खाली होतच असतं. तेव्हा हवा सोडणाऱ्या जमिनीला ब्रेकही हवा : बटण सोडताक्षणी हवा बंद, बॅग जागच्या जागी.

चौथी अडचण आगीची. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेटचं ५९२ क्रमांकाचं विमान मायामीहून निघाल्यावर काही मिनिटांत फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं आणि ११० माणसं गेली. पुढच्या होल्डमध्ये ऑक्सिजन तयार करणारी उपकरणं ठेवली होती, त्यांनी पेट घेतला. तो होल्ड अशा वर्गातला होता की आत हवा कमी म्हणून आग आपोआप विझेल, असं गृहीत धरलेलं. त्यानंतर नियम बदलले आणि प्रवासी विमानांच्या अशा होल्डमध्ये धूर ओळखणारी आणि आग विझवणारी यंत्रणा २००१ पर्यंत सक्तीची झाली. आग लागली की आत हॅलॉन हा आग विझवणारा वायू सोडतात आणि ते पुरेशा प्रमाणात टिकून राहावं म्हणून कप्पा शक्य तितका बंद असावा लागतो. अशा कप्प्याच्या तळाला शेकडो छिद्रं पाडायची म्हणजे उड्डाणात ती सगळी घट्ट बंद राहतील हे प्रमाणपत्र देणाऱ्याला दाखवून द्यावं लागणार. अशक्य नाही, पण महिन्यांचं नव्हे, वर्षांचं काम आहे.

उचलण्याचं काय?

इथे कल्पनेवरचा माझा खरा आक्षेप येतो. पाठ जाते ती बॅग सरकवताना कमी आणि उचलताना-वळताना जास्त. होल्ड सव्वा मीटर उंच, त्यात बॅगा तीन-चार थर रचतात. हवेची जमीन फक्त तळाच्या थराला सरकवते. वरचे थर हातानेच चढवायचे.

मात्र पद्धत बदलली तर त्याच जमिनीचा उपयोग कितीतरी वाढतो. लोडरने दाराजवळच थांबायचं, तिथेच पूर्ण उंचीची रास लावायची आणि मग अख्खी रास हवेवर आत ढकलायची. पुन्हा दाराजवळ जागा मोकळी. अशाने आतल्या माणसाचा रांगत फिरण्याचा भाग जातो. १,८०० पास्कलचा हिशेब वर केला तो यासाठीच : रास उचलायलाही दाब किरकोळच लागतो.

पण ही पद्धत नवी नाही. स्कँडिनेव्हियात याच विचाराची ‘स्लायडिंग कार्पेट’ यंत्रणा कितीतरी आधी तयार झाली होती. होल्डच्या जमिनीवर एक पट्टा, त्याच्या टोकाला हलती भिंत. लोडर दाराशी बसून भिंतीला टेकवून बॅगा रचतो, बटण दाबलं की पट्टा रास आत नेतो. बोईंग ७३७ सारख्या विमानांत ती बसवलेली आहे. पट्ट्याला बॅगेचा तळ चपटा आहे की चाकांचा याने फरक पडत नाही, तो उतारावर पळत नाही आणि छिद्रांची भानगडही नाही.

दुसरी सोय डेन्मार्कची, नाव ‘पॉवर स्टो’. बेल्ट लोडरवर बसवलेली रोलरची एक लांब, वळणारी जीभ दारातून होल्डच्या आत पार टोकापर्यंत शिरते आणि बॅग लोडरच्या हाताशी, हव्या त्या उंचीवर आणून सोडते. काम झालं की जीभ बाहेर, विमान निघून जातं, यंत्र जमिनीवर राहतं.

तिसरी सोय एअरबसच्याच घरातली. ए-३२० च्या होल्डमध्ये बुटके कंटेनर बसतात, एकूण सात : पुढे तीन, मागे चार. बॅगा टर्मिनलच्या बाजूला, ताठ उभं राहून कंटेनरमध्ये भरता येतात. ७३७ मध्ये ही सोय नाही आणि एअरबस हे आवर्जून सांगत आली आहे. तरी कित्येक कंपन्या कंटेनर घेत नाहीत. रिकामा कंटेनरच सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो, शिवाय ते सगळ्या विमानतळांवर फिरवत ठेवावे लागतात.

या तीन सोयी समोर ठेवल्या की प्रकरणाचं मूळ दिसतं. तिघींतला फरक यंत्राचा आहे, पण त्याहून मोठा फरक आहे तो वजन कोण वाहतं याचा. कंटेनर आणि स्लायडिंग कार्पेट विमानासोबत उडतात. पॉवर स्टो उडत नाही. लेव्हारची गादी पहिल्या गटात मोडते.

वजनाचा हिशेब

समजा, हवेची जमीन, नळ्या, झडपा आणि ब्लोअर मिळून १०० किलो झाले. हा आकडा मी धरलेला आहे, संघाचा नाही. विमानात जादा वजन नेलं तर त्या वजनाच्या साधारण ३ टक्के इंधन दर तासाला जळतं, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ताशी तीन किलो. लहान पल्ल्याचं विमान वर्षाला ३,५०० तास उडतं असं धरलं तर साडेदहा टन इंधन, आणि त्यातून ३३ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. एका विमानामागे.

ज्या स्पर्धेच्या सहा विषयांत ऊर्जा आणि कार्यक्षमता पहिल्या दोन जागांवर आहेत, तिथे जिंकलेली कल्पना इंधन वाढवणारी असू शकते, हे जरा गमतीचं आहे. परीक्षकांना ते दिसलं नसेल असं मी म्हणत नाही. एअरबसच्या अभियंत्यांना वजन दिसत नाही, असं कोण म्हणेल? मला वाटतं, त्यांनी दुर्लक्षित माणूस शोधण्याला गुण दिले आणि वजनाचं पुढे बघू म्हटलं. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत ते योग्यच आहे.

पुढे बघणाऱ्याची मात्र पंचाईत. हे साडेदहा टन इंधन विमान कंपनीच्या खात्यातून जातं. वाचते ती पाठ ग्राउंड हँडलिंग कंपनीच्या, म्हणजे विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्यासारखी कामं घेणाऱ्या कंपनीच्या, लोडरची. या दोन कंपन्या बहुधा वेगळ्या असतात आणि त्यांच्यात करार असतो तो दर विमानामागे ठरलेल्या रकमेचा. लोडरच्या पाठीचा खर्च, म्हणजे औषधं, रजा, भरपाई, नवा माणूस शिकवणं, हा हँडलिंग कंपनीचा. बऱ्याच देशांत तर तिचाही नाही, ज्याची पाठ त्याचाच. मग विमान कंपनीने शंभर किलो का वाहावेत? स्लायडिंग कार्पेट आणि पॉवर स्टो या दोन्ही गोष्टी स्कँडिनेव्हियातून आल्या, हा मला योगायोग वाटत नाही. तिथे मजुरी महाग आणि कामावरच्या दुखापतीची जबाबदारी मालकावर कडक. पाठीला तिथे किंमत आहे, म्हणून तिच्यासाठी यंत्र विकलं जातं.

त्यात वेळही प्रतिकूल. डिसेंबर २०१० मध्ये एअरबसने ए-३२० निओ जाहीर केलं होतं. नवी इंजिनं आणि पंखांच्या टोकांना शार्कलेट नावाची वर वळलेली पाती, बाकी सांगाडा ९५ टक्क्यांहून अधिक जुन्यासारखाच, हे त्या विमानाचं मुख्य भांडवल होतं. कंपन्यांना वैमानिक, सुटे भाग, दुरुस्ती सगळं तेच वापरता येणार होतं. लेव्हारला बक्षीस मिळालं तेव्हा ते विमान घडत होतं आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. ज्या कार्यक्रमात कमीत कमी बदल हीच प्रतिज्ञा, त्यात होल्डची जमीन बदला म्हणून कोण पुढे येणार?

मुंबईतला ताळेबंद

आपल्याकडे हा हिशेब आणखी एका बाजूला झुकतो. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिना भागात एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेसने २,२१६ जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. कामं हँडीमनची वगैरे, म्हणजे सामान चढवणं-उतरवणं त्यात आलंच. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून हजारो तरुण आले, गर्दी आवरेना आणि शेवटी अर्ज ठेवून परत जा म्हणून सांगावं लागलं. पगार महिना २० ते २५ हजारांच्या दरम्यान असल्याच्या बातम्या होत्या.

आता वरचे साडेदहा टन घ्या. विमानाच्या इंधनाची घनता पाहता ते तेरा हजार लिटरच्या जवळ जातात. किलोलिटरला ९० हजार रुपये धरले तर वर्षाला साडेअकरा-बारा लाख रुपये. २२ हजार पगाराच्या लोडरचं वर्ष पावणेतीन लाखांत होतं. म्हणजे एका विमानात हवेची गादी वाहून नेण्याच्या इंधनात चार लोडर वर्षभर ठेवता येतात. एका विमानाच्या होल्डमध्ये एका वेळी दोन-तीनच माणसं असतात आणि तीच माणसं पाळीत अनेक विमानं हाताळतात. गादीमुळे एकही माणूस कमी होणार नाही, फक्त असलेल्यांचा त्रास कमी होईल. हा ताळेबंद कोणत्याही वित्त विभागात पाच मिनिटांत फेटाळला जाईल. कोपनहेगनमध्ये लोडरचा पगार याच्या कितीतरी पट, तिथे हाच कागद वेगळा दिसतो. आणि तरीही तिथे गादीऐवजी जमिनीवर राहणारी जीभच लोक घेतील, कारण तिने पाठही वाचते आणि इंधनही.

म्हणून माझं मत असं की लेव्हारने प्रश्न पहिल्या दर्जाचा निवडला, तत्त्वही खरं होतं, पण ते चुकीच्या बाजूला बसवलं गेलं. स्पर्धा विमान बनवणाऱ्याची, तेव्हा उत्तरही विमानाच्या आत शोधलं जाणं स्वाभाविक होतं. हवेची गादी विमानाच्या बाहेर, बेल्ट लोडरच्या टोकाला किंवा टर्मिनलच्या मागच्या बाजूला, जिथे बॅगा ट्रॉल्यांवर चढतात तिथे, असती तर छिद्रांचा आगीशी संबंध आला नसता, वजन शून्य झालं असतं आणि प्रमाणपत्राची गरजही बरीचशी टळली असती. पण मग ती एअरबसची स्पर्धा राहिली नसती.

याच स्पर्धेच्या पुढच्या दोन खेपाही इथे जोडून पाहाव्यात. २०१५ मध्ये साओ पाउलो विद्यापीठाचाच दुसरा एक संघ दुसरा आला. या वेळी विषय होता जेवणानंतरचा कचरा : विमानातल्या ट्रॉलीतच तो वेगळा करून दाबून त्याचं आकारमान कमी करायचं. ट्रॉली तर उडतेच, तिच्या जागीच नवी बसवायची, वजनाचा वाद मर्यादित, आणि खर्च व फायदा दोन्ही विमान कंपनीचेच. त्या वर्षी पहिला आलेला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठाचा संघ पंखाच्या कंपनातून वीज गोळा करणाऱ्या पंखावरच्या आवरणाची कल्पना घेऊन आला होता. २०१७ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाच्या संघाने केबिनच्या जमिनीखालच्या मोकळ्या जागेत प्रवाशांच्या हातातल्या बॅगा ठेवण्याची सोय मांडून पहिला क्रमांक घेतला. म्हणजे दोन खेपांनी सामानाचा प्रश्न पुन्हा जिंकला, पण या वेळी तो लोडरच्या बाजूने नव्हे, भाडं भरणाऱ्या प्रवाशाच्या बाजूने मांडलेला होता.

हे प्रकरण वर्गात चर्चेला घ्यायचं झालं तर मी विद्यार्थ्यांपुढे इंडिगोचं उदाहरण ठेवीन. तिच्या ताफ्याचा मोठा भाग ए-३२० कुटुंबाचा आहे आणि २०२३ मध्ये तिने याच कुटुंबातली आणखी ५०० विमानं मागवली. शिवाय एजाइल ही तिची स्वतःची ग्राउंड हँडलिंग कंपनी आहे. इंधनाचं बिल आणि लोडरचा पगार शेवटी एकाच घरात येतो, तेव्हा दोन खिशांची सबब तिथे चालत नाही. तिथल्या व्यवस्थापकाला काय विकाल : उडणारी गादी, उडणारा पट्टा की जमिनीवरची जीभ? आणि चार लोडरांच्या पगाराशी तुलना करताना, पंचेचाळिशीत पाठ गेल्यावर ज्याला काम सोडावं लागतं त्या लोडरची रक्कम कोणत्या रकान्यात लिहाल? बहुतेक गट हा रकाना कोराच ठेवतील, कारण तो भरायला लागणारी माहिती, म्हणजे दर वर्षी किती लोडर पाठीमुळे रजेवर गेले आणि किती परत आलेच नाहीत, ती आधी हँडलिंग कंपनीकडून मागावी लागेल. गटांना पहिलं काम मी तेच देईन.